साजिंद्यांची भिंत

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरलं की माणसं सरळ गाभाऱ्याच्या दिशेनं चालायला लागतात. पद्मपाणी तिकडे आहे. शाळेच्या पुस्तकात, कॅलेंडरांवर, सरकारी कार्यालयांच्या भिंतींवर आपण जो अजिंठा पाहत आलो, तो तिकडे आहे. मंद दिवे, मागून रेटणारी पुढची तुकडी, फ्लॅश वापरू नका म्हणून दटावणारा रखवालदार, या सगळ्यात डाव्या हाताच्या भिंतीपाशी थांबायला सवड कुणाला? त्या भिंतीवर मात्र एक अख्खा वाद्यवृंद जमलेला आहे.

गोष्ट महाजनक जातकातली. जहाज फुटून समुद्रात पडलेला राजपुत्र मणिमेखला देवीच्या कृपेनं वाचतो, मिथिलेला पोचतो, राजकन्या सीवलीशी लग्न करून राजा होतो, आणि सगळं मिळाल्यावर त्याचं मन संसारातून उठतं. त्याला धरून ठेवण्यासाठी राणीनं नाच मांडलाय, असा या प्रसंगाचा अर्थ अभ्यासक लावतात. मधोमध लांब बाह्यांच्या अंगरख्यातली, फुलांनी मढलेल्या मस्तकाची नर्तकी कमरेत वळली आहे. तिच्या भोवतीनं वाजवणाऱ्या बायका. कुणाच्या ओठांना बासरी, कुणाच्या हातात टाळ, कुणापुढे तालवाद्यं. रंगाचे पोपडे गेलेत, काही हात मनगटापासून पुसले गेलेत, तरी एक गोष्ट लख्ख दिसते. चित्रकारानं या बायकांना नुसतं जागा भरायला बसवलेलं नाही. प्रत्येकीला स्वतःचा चेहरा आहे, केसांची वेगळी ठेवण आहे, आणि बहुतेकींची नजर नर्तकीच्या पायांच्या दिशेला आहे. साथ करणाऱ्याची नजर असते तशी. सम कुठे येणार ते आधीच ठाऊक असलेली.

वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकाच्या अखेरचं हे काम. कथेत राजा शेवटी निघून जातोच. नाच-गाणं त्याला थांबवू शकत नाही. पण साजिंद्यांनी आपलं काम चोख केलं, एवढं भिंत सांगते.

आता मी एका डिस्कोच्या तबकडीबद्दल लिहिणार आहे. अजिंठ्यापासून सुरुवात केली, कारण या तबकडीचा कर्ता साजिंदा होता, आणि साजिंद्यांना इतक्या प्रेमानं रंगवलेली दुसरी भिंत मला महाराष्ट्रात माहीत नाही.

*

१९८२ साली एचएमव्हीनं मुंबईत एक एलपी काढली. नाव भलतंच लांब: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वादक चरणजित सिंग. दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे: भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. गायक नाही, तबला नाही, सतार नाही. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं आणि एक माणूस.

डिस्को म्हटलं की आपल्याकडे मिथुन चक्रवर्ती आठवतो, पण त्याची मुळं जरा मागे आहेत. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जेम्स ब्राउननं आपल्या वादकांकडून एक गोष्ट हट्टानं करून घेतली. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी मिळून यायचं. मधल्या जागेत बास गिटार, ड्रम, ब्रास यांनी काय खोड्या काढायच्या त्या काढाव्यात, पण पहिल्या मात्रेवर घरी परत. त्याला तिकडे फंक म्हणाले. आपल्या तबलजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. पुढे त्याच मातीतून डिस्को उगवलं, पण डिस्कोनं पहिल्या मात्रेचा मान काढून घेतला. पायानं वाजणारा मोठा ड्रम दर मात्रेवर सारख्याच वजनानं आपटायला लागला. ताल मोजता न येणाऱ्यालाही नाचता यावं ही त्यामागची सोय. सम नाही, खाली नाही. किंवा असं म्हणू की सगळ्याच मात्रा सम. खालीचा अवकाश, जिथे तबलजी बायाँ उचलून धरतो आणि ऐकणाऱ्याचा हात उलटा पडतो, तो डिस्कोत कुठेच नसतो.

अमेरिकेत या संगीताचा राग आलेली माणसंही होती. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोटानं उडवण्यात आला. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द करावा लागला. तिकडे डिस्कोचं असं जाहीर दहन झालं आणि इकडे वर्षभरात 'कुर्बानी' आला. बिद्दूनं लंडनमध्ये बांधलेलं, नाझिया हसन या शाळकरी मुलीनं गायलेलं 'आप जैसा कोई' पानाच्या टपरीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत वाजू लागलं. १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने', १९८२च्या डिसेंबरात बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर'. अमेरिकेची शिळी कढी आपण ताज्या फोडणीसह वाढली, असं कुणी म्हणेल. मला ते तितकंसं पटत नाही. फोडणी देणारे हात इथलेच होते, आणि त्या हातांना वीस-पंचवीस वर्षांचा सराव होता.

*

ते हात सिनेमाच्या स्टुडिओत होते. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब, महालक्ष्मीचं फेमस. सकाळी नऊला वादक जमायचे, दुपारपर्यंत नोटेशन लिहून घ्यायचे, तालमी व्हायच्या आणि मग गायक आला की अख्खा वाद्यवृंद एकत्र वाजवून टेक. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा. गोव्याचे व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले, पारशी पियानोवाले, पंजाबी ढोलकवाले, आणि मराठी माणसंही मोक्याच्या जागी. दत्ताराम वाडकरांच्या नावानं तर ठेकाच रूढ झाला. राहुलदेव बर्मनच्या तालविभागाचा कणा मारुतीराव कीर होते. अमृतराव काटकर रेसो-रेसो घासत बसले की गाण्याला जी किरकिरी झिंग यायची ती ओळखू येते, पण वाजवणारा कोण हे शंभरात दोघांना सांगता येईल. प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' मराठी घरांत पोचलं, अरुण पौडवाल आणि अनिल मोहिले संगीतकार म्हणून पुढे आले. हे अपवाद. बाकीच्यांची नावं चित्रपटाच्या श्रेयनामावलीत येत नसत, तबकडीच्या पाकिटावरही येत नसत. सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांतलं जे फंक आज लंडन-न्यूयॉर्कचे डीजे उचलून धरतात, ते या माणसांनी वाजवलं. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन चमूनं २००५ मध्ये कल्याणजी-आनंदजींच्या 'डॉन' आणि 'अपराध'मधले तुकडे घेऊन एक गाणं केलं, त्याला ग्रॅमी मिळालं. संगीतकारांची नावं तरी आली. बास गिटार कुणी वाजवली होती?

स्टुडिओबाहेर, मुंबईच्या कॉलेजांत आणि कुलाब्याच्या क्लबांत इंग्रजी गाणारे बँड होते. ॲटॉमिक फॉरेस्ट हा त्यातला वजनदार. मधुकर चंद्र धस त्याचा गायक, आणि 'ऑब्सेशन ७७' ही त्यांची एलपी. डिस्कोच्या ऐन भरात एका भारतीय बँडनं केलेला फंक-रॉकचा अल्बम म्हणून संग्राहक आज तिच्यामागे धावतात. अमेरिकेत तिची नवी आवृत्ती २०११ साली निघाली. याच वर्तुळातला नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा, म्हणजे मराठी रंगभूमीच्या घरातला. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यानं ज्यूडास गायला, आणि १९७८ मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, रॉक चक्क मराठीत आणलं. त्या नाटकाच्या संगीतात भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे असे तिघे एकत्र होते. मराठीत इलेक्ट्रिक गिटारला त्याआधी इतक्या सन्मानानं कुणी घरात घेतलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फारसं घेतलं नाही.

जब्बार पटेलांनीच आदल्या वर्षी 'जैत रे जैत' हा चित्रपट केला होता. त्यातली गाणी ना. धों. महानोरांची, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. महानोरांचं पळसखेडे सोयगाव तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून. या डोंगरातला कवी मुंबईच्या स्टुडिओत पोचला तो ठाकर आदिवासींच्या ढोलासोबत. १९७७ साल होतं. 'सॅटरडे नाइट फीव्हर' त्याच वर्षीचा. एकीकडे जगभरच्या नाचघरांत दर मात्रेला सारखा ठोका, दुसरीकडे ढोलाचा, मध्येच श्वास घेणारा, झुकत चालणारा ठेका. मराठी माणसानं दुसरा निवडला आणि चांगलंच केलं, असं माझं मत आहे. पण त्यामुळे झालं असं की डिस्को हा शब्द आपल्या सांगीतिक लिखाणात शिवीसारखाच राहिला, आणि चरणजित सिंगांच्या तबकडीकडे मराठी समीक्षकांपैकी कुणी कान दिल्याचं दिसत नाही. दहाच्या दहा राग असूनही.

*

चरणजित सिंग सिनेमाच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवत. गिटार, ट्रान्झिकॉर्ड हे विजेवरचं ॲकॉर्डियन आणि पुढे सिंथेसायझरही. शंकर-जयकिशनपासून राहुलदेव बर्मनपर्यंत सगळ्यांकडे हजेरी. स्टुडिओचं काम नसेल तेव्हा लग्नं, पार्ट्या. सिनेमाच्या गाण्यांच्या वाद्यधून असलेल्या एलपीही त्यांच्या नावावर होत्या. त्या काळात अशा तबकड्यांना हॉटेलांत आणि घरगुती समारंभांत गिऱ्हाईक असे. म्हणजे माणूस धंद्यातला, रोजंदारीचा. प्रयोगशील कलावंत वगैरे बिरुद कुणी लावलं असतं तर हसले असते.

नवं यंत्र बाजारात आलं की ते मिळवायचं ही स्टुडिओतल्या माणसाची गरज होती. वेगळा आवाज काढणाऱ्याला काम मिळतं. आयातीवर निर्बंध आणि जबर जकात असल्यानं परदेशवारीत पेटी उचलून आणणं हाच मार्ग. चरणजित सिंगांनी सिंगापूरहून रोलँडची यंत्रं आणल्याचं मुलाखतीत सांगितलं होतं. ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर, एका वेळी आठ स्वर काढणारा. टीआर-८०८ हे तालयंत्र. आणि टीबी-३०३ ही चांदीच्या रंगाची, टिफिनच्या डब्यापेक्षा फार मोठी नसलेली पेटी.

या ३०३ची गंमत सांगितली पाहिजे. १९८१ मध्ये रोलँडनं ती बनवली तो हेतू साधा होता: एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बास गिटारची साथ मिळावी. बासवादक परवडत नसेल तर हे यंत्र घ्या. आवाज बास गिटारसारखा मुळीच आला नाही. रबर ताणल्यासारखा, घशातून काढल्यासारखा आला. स्वर भरण्याची पद्धतही किचकट. यंत्र पडलं आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबलं. बासवादकाची जागा घ्यायला जन्मलेलं यंत्र मुंबईत एका बासवादकाच्याच हाती पडलं, आणि त्यानं त्याला जे काम दिलं ते जपानी अभियंत्यांच्या डोक्यातही आलं नसणार.

३०३मध्ये एका वेळी एकच स्वर वाजतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. एकल स्वरांची ओळ आणि स्वरांमधली घसरण. रागसंगीतात वाढलेल्या माणसाला याहून काय हवं? त्यात ८०८वरच्या बटणांची रांग बघा: सोळा बटणं, चार-चारच्या गटांत रंगवलेली. लाल, नारिंगी, पिवळी, पांढरी. जपान्यांनी ती पाश्चात्त्य संगीतातल्या एका मापाचे सोळा भाग म्हणून केली होती. आपला माणूस ती रांग बघून त्रितालाचे चार विभाग मोजणार, यात नवल नाही. मात्रांचा हिशेब वेगळा, वेग चौपट, आणि खाली नाहीच. तरी चारांचे चार विभाग बोटांखाली हजर.

तबकडी ऐकताना पहिला धक्का वेगाचा बसत नाही. भैरवाची सुरुवात घ्या. आधी ठेका नाही. ज्युपिटरवर हातानं वाजवलेला छोटासा आलाप आहे, स्वर एकमेकांत वितळत जाणारा, जणू कुणी सारंगीला विजेच्या तारेला जोडलंय. मग एकदम ठेका सुरू होतो, ३०३ रागातल्याच स्वरांची फिरती साखळी पळवू लागते, आणि वर ज्युपिटर गत वाजवतो. दहाही रागांत रचना हीच. आलाप, मग गत, पण जोड नाही, झाला नाही, विस्तार नाही. पाच मिनिटांत आवरायचं. स्टुडिओतल्या माणसाची शिस्त.

आता शुद्धतावादी विचारणार, हे राग आहेत का? प्रश्न रास्त आहे. भैरवातला कोमल रिषभ आणि धैवत आंदोलित असतात. तोडीतला रिषभ अतिकोमल लागतो. कळफलकावर बारा स्वर ठोकून बसवलेले, तिथे श्रुतींचं काय करणार? हाच आक्षेप पेटीवर घेतला गेला होता. १९४० मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमला दरवाजा बंद केला आणि तो पुढची तीस वर्षं बंद राहिला. गोविंदराव टेंब्यांच्या बोटांनी ज्या महाराष्ट्राला पेटी गाताना ऐकवली होती, त्यालाही रेडिओचा हा निर्णय मुकाट्यानं सोसावा लागला. चरणजित सिंगांकडे पेटीवाल्यांपेक्षा एक सोय जास्त होती. सिंथेसायझरला मींड येते. मालकंसात गंधारावरून मध्यमावर सरकताना त्यांनी ती जपून वापरली आहे, आणि तिथे यंत्र क्षणभर विसरायला होतं. ललतात पंचम नाही, दोन मध्यम शेजारी शेजारी; ती ओढाताण ३०३च्या त्या विचित्र घशाला शोभून दिसते. याउलट यमन सपाट झालाय. तीव्र मध्यमाची जी हुरहूर त्या रागाचा जीव, ती दर मात्रेच्या ठोक्याखाली चेपली गेली आहे. भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच स्वरांचे राग बहुतेक उत्तम जमलेत. स्वर जितके कमी तितकी यंत्राची साखळी स्वच्छ. वेळेचं बंधन अर्थात धाब्यावर. पहाटेच्या ललतानंतर संध्याकाळची भूपाळी, लगेच सकाळची तोडी. नाचघरात कायमच रात्र असते.

चरणजित सिंगांनी नंतर सांगितलेलं कारण अगदी सरळ होतं. त्या वर्षी सिनेमात डिस्कोचा सुकाळ होता. आपण काही वेगळं करावं, डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत आणि तबला बाजूला ठेवावा, असं त्यांच्या मनात आलं. घरी यंत्रं जोडून वाजवून पाहिलं, बरं वाटलं, एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. तबकडी फारशी खपली नाही. नाचणाऱ्यांना गाणं हवं होतं, रागवाल्यांना डिस्को नको होतं. चरणजित सिंग आपल्या कामाला लागले.

*

१९८७ मध्ये शिकागोत, ज्या शहरात डिस्कोचं दहन झालं होतं त्याच शहरात, फ्यूचर नावाच्या त्रिकुटानं एक जुनी ३०३ घेऊन तिच्या चाव्या पिरगाळत 'ॲसिड ट्रॅक्स' केलं. त्यातून ॲसिड हाउस नावाची लाट निघाली, युरोपभर पसरली. आणि २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत 'टेन रागाज'ची एक प्रत सापडली. त्याला ऐकून वाटलं की ही तर ॲसिड हाउस आहे, आणि पाच वर्षं आधीची. त्यानं चरणजित सिंगांना मुंबईत गाठलं आणि २०१० मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन या छोट्या कंपनीतर्फे तबकडी पुन्हा काढली. युरोपात खळबळ. अनेकांना वाटलं ही बनवाबनवी आहे, एफेक्स ट्विन या इंग्लिश संगीतकारानंच हे रचून एका काल्पनिक भारतीयाच्या नावावर खपवलंय. मुंबईतला म्हातारा बासवादक खरा असू शकतो, याच्यापेक्षा इंग्रजाची थट्टा जास्त शक्य वाटली!

मग लेख आले, 'ॲसिड हाउसचा जनक' अशी मथळेबाजी झाली, सत्तरी गाठलेल्या माणसाला युरोपच्या मंचांवर बोलावणी आली. जुलै २०१५ मध्ये चरणजित सिंग मुंबईत गेले.

ही गोष्ट ऐकताना मला कॅप्टन जॉन स्मिथ आठवतो. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातला हा अधिकारी वाघाच्या मागावर वाघोरा नदीच्या घळीत आला आणि त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. लेण्यातल्या एका चित्रित खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरली. ती आजही दिसते. अजिंठ्याचा शोध या तारखेला लागला असं पुस्तकात लिहितात. घळीत गुरं चारणाऱ्यांना, डोंगरातल्या भिल्लांना लेणी माहीत नव्हती थोडीच. शोध लागला तो वाचणाऱ्या जगाला. त्यात स्मिथचा मोठेपणा नाही असं मी म्हणत नाही; तो आला नसता तर रॉबर्ट गिल १८४४ नंतर चित्रांच्या नकला करायला बसला नसता. बाउमनचंही तसंच आहे. त्यानं तबकडी उचलली नसती तर हा लेख नसता. पण खांबावर स्वतःचं नाव कोरलं की आधीचं चित्र खरवडलं जातं. 'ॲसिड हाउसचा जनक' हे कोरलेलं नाव आहे. चरणजित सिंगांनी शिकागो ऐकलं नव्हतं, शिकागोनं त्यांना ऐकलं नव्हतं. त्यांना एका अमेरिकन वंशावळीचा आजोबा करण्यात त्यांचा सन्मान आहे असं मला वाटत नाही. त्यांच्या हाताचा खरा कुलवृत्तांत ताडदेवच्या स्टुडिओत, पेटीवरच्या वादात, लग्नाच्या मांडवात आहे.

अजिंठ्याच्या नकलांचीही हीच तऱ्हा. गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येऊ लागले. हंगामामागून हंगाम, वटवाघळांच्या उग्र दर्पात, उधारीच्या उजेडात पोरांनी नकला केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५च्या आगीत जळाल्या. उरलं ते ग्रिफिथ्सच्या नावाचं भव्य पुस्तक. पेस्तनजी बोमनजींसारखं एखादं नाव सोडलं तर विद्यार्थी साजिंदेच राहिले.

पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं १९२० मध्ये चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारे पोपडे चिकटवले, भेगा बुजवल्या. त्यांच्यामुळे पुष्कळ चित्रं तगली. पण वरून जो थर दिला तो लाखेचा. वर्षांमागून वर्षं तो पिवळा पडत, काळवंडत गेला आणि पुढच्या पिढ्यांच्या रसायनतज्ज्ञांना तो उतरवत बसावं लागलं. त्याच काळात ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच होत. एकाच किड्यानं झाडावर केलेल्या स्रावानं आपल्या देशात एका ठिकाणी आवाज धरून ठेवला आणि दुसऱ्या ठिकाणी रंग झाकून टाकला. याचा विषयाशी संबंध तेवढाच. पण सुचल्यावर लिहिल्यावाचून राहवेना.

*

एक गोष्ट या कौतुकाच्या भरात राहून जाते. चरणजित सिंगांनी आणलेली यंत्रं एकटी आली नाहीत. त्यांच्या मागून अनेक आली, आणि स्वस्त होत गेली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून एकेका वाद्याचं ध्वनिमुद्रण वेगळं होऊ लागलं. नव्वदच्या दशकात कळफलक आणि संगणकावर अख्खा व्हायोलिनचा ताफा निघू लागला. मेहबूब आणि फिल्म सेंटरला सकाळी नऊला जमणारी शंभर-शंभर माणसं पांगली. कुणी शिकवण्या धरल्या, कुणी ऑर्केस्ट्रात गेले, पुष्कळांनी वाद्य पेटीत ठेवलं ते ठेवलंच. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये पुस्तक केलं, तेव्हा कुठे त्यांची नावं एका जागी छापली गेली. 'टेन रागाज' ऐकताना मला ही दुसरी बाजूही ऐकू येते. तबला बाजूला ठेवून एकट्यानं संपूर्ण वाद्यवृंद वाजवता येतो, हे या तबकडीनं चोख सिद्ध केलं. वाजवणारा स्वतः त्या वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतला होता.

सिल्लोड, सोयगाव, भोकरदन पट्ट्यात लग्नसराईत आज जी बँजो पार्टी दिसते, तिच्यात हाच कारभार चाकांवर चढलाय. पूर्वी ब्रास बँड असे: क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, ढोल, झांज, कोटावर पितळी बटणं. आता टेम्पोवर भोंगे, जनरेटर, पॅड वाजवणारा एक आणि कळफलकाच्या मागे एक पोरगा. कळफलक यामाहाचा असला तरी सगळे त्याला कॅसिओच म्हणतात. फलकावर पार्टीच्या मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत, गायकाचं त्याखाली. कॅसिओवाल्याचं नाव शोधू नका. त्याच्या डाव्या हाताशी तालांची बटणं असतात. भांगडा, लावणी, डिस्को एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. उजव्या हातानं तो काहीही वाजवू शकतो, आणि मधल्या मोकळ्या वेळात, जनरेटरमध्ये डिझेल घालेपर्यंत, त्यातले काही जण खरोखर चांगली भूपाळी वाजवतात. ऐकायला कुणी नसतं. वरात मारुतीच्या देवळापाशी वळली की नवरदेवाचे मित्र टेम्पोच्या फळीवर थाप मारून ओरडतात, आणि पोरगा नवरदेवाच्या पायांकडे बघत ठेका बदलतो.